जोते उंचावले आणि घराचे तोंड हरवले : दर्शनी प्रवेशासाठी सल्ला हवा

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरले. त्यानंतर नूतनीकरण करताना आम्ही जमीन अडीच फूट उचलली आणि दाराची चौकटही तेवढीच वर घेतली. जुने छत बारा फुटांवर होते म्हणून हे जमले. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो आणि जुनी घरे खाली खाली जातात, तेव्हा उंची वाढवण्यावाचून गत्यंतरही नव्हते.

मात्र आता दर्शनी बाजूकडे पाहवत नाही. पूर्वी दारापुढे वीतभर उंचीचा ओटा होता. वडील संध्याकाळी तिथे बसत आणि जाणारा-येणारा दोन शब्द बोलून पुढे जाई. त्या जागी ठेकेदाराने दारासमोर सरळ पाच पायऱ्यांचा सिमेंटचा चढ बांधला आहे. आमच्या हद्दीत रस्त्यापर्यंत पाचच फूट जागा आहे, त्यामुळे वर दारापाशी जेमतेम फूटभर सपाटी उरते. घंटी वाजवणारा माणूस तिथे अक्षरशः लटकल्यासारखा उभा राहतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ती काठी घेऊन चालते आणि गेले दोन महिने घराबाहेर पडलेली नाही.

घराची रुंदी चौदा फूट असून दार मधोमध, पश्चिमेकडे तोंड करून आहे. दार सागवानी, दोन झडपांचे, प्रत्येक झडप एकवीस इंचांची. सजावटकार म्हणतात की ते काढून एकपाखी पोलादी दार बसवावे आणि भोवती वाड्यासारखी दगडी महिरप चिकटवावी. मला ते पटत नाही, पण दुसरे काही सुचतही नाही. उताराचा रस्ता करता येईल का?

गवंडीकामातला जुना माणूस

उताराचा विचार सोडून द्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा या प्रमाणाबाहेर तीव्र असू नये. म्हणजे अडीच फूट चढायला तीस फूट लांबी लागेल, आणि तुमच्याकडे ती नाही. काही जण जागा नाही म्हणून एकास पाचचा उतार करतात. तो पावसात घसरगुंडी होतो आणि म्हाताऱ्या माणसाला पायऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचा ठरतो.

तुमची चूक उंचीत नाही, पायऱ्यांच्या दिशेत आहे. पायऱ्या रस्त्याकडून दाराकडे न नेता भिंतीला समांतर फिरवा. अडीच फुटांना सहा-सहा इंचांचे पाच चढ होतात आणि त्यांना फूटभर रुंदीचे चार पाय लागतात, म्हणजे डावीकडे चार फूट गेले. दारासमोर सहा फूट लांब आणि पूर्ण पाच फूट खोल सपाटी ठेवा. उजवीकडे चार फूट शिल्लक राहतात आणि तोच तुमचा हरवलेला ओटा. त्यावर भिंतीलगत दीड फूट उंचीची बैठक बांधा आणि रस्त्याच्या बाजूने कठडा द्या, कारण खाली अडीच फुटांची पडण आहे. बैठकीखाली मोकळी पोकळी ठेवली की चपलांचा प्रश्नही सुटतो. एरवी कितीही सुंदर दार केले तरी सणाच्या दिवशी त्याच्यापुढे चपलांचा ढीग असतोच.

दोन गोष्टी गवंड्याला (बडोद्यात आपण सगळे त्याला कडियाच म्हणतो) आधीच बजावून ठेवा. पहिली, सपाटीला बाहेरच्या बाजूस पाच फुटांत एक इंच ढाळ हवा आणि ती घरातल्या फरशीपेक्षा अर्धा इंच खाली हवी. दुसरी, सर्वांत खालची पायरी पक्की न बांधता अखंड दगडाची सुटी ठेवा. पुढच्या डांबराने रस्ता दोन इंच वर आला की पहिला चढ चार इंचांचा आणि बाकीचे सहा इंचांचे होतात. माणूस अडखळतो तो अशा विषम चढावर, उंच चढावर नव्हे. सुटा दगड उचलून खाली भर घातली की पुढच्या चढात फरक पडेल हे खरे, पण तो दोन चढांत वाटून टाकता येतो.

कोटा दगड घ्या, पण पॉलिश न केलेला. ओल्या पॉलिशवर पाय ठरत नाही.

रावपुऱ्याची सून

वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु एक शंका मांडते. पायऱ्या बाजूने आल्या की पाहुण्याला रस्त्यावरून दार दिसते पण वाट दिसत नाही, आणि आमच्या नात्यातल्या एका घरी याच कारणाने लोक कठड्यापाशी येऊन हाका मारत उभे राहतात. त्यावर उपाय म्हणजे पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा जरा रुंद करून तिचे तोंड रस्त्याकडे वळवावे, मात्र ती हद्दीबाहेर जाऊ देऊ नये, आणि तिच्याच बाजूला भिंतीवर घराचा क्रमांक व दिवा लावावा. दिवा छज्जाच्या मधोमध वरून नको. त्याने समोरच्याच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि ओळखीचा माणूसही आतून अनोळखी वाटतो. दाराच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीपेक्षा थोडे वर, पिवळसर उजेडाचे दिवे असावेत. जागा असेल तर त्यांच्याखाली पणतीपुरते दोन कोनाडेही करून घ्या. तेलाचा डाग कोनाड्यात राहतो, दगडावर उतरत नाही.

दार मात्र कृपा करून काढू नका. आपल्या रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहून महिरपी चिकटवण्याचा मोह होतो हे मी समजू शकते, पण तो बडोदा संस्थानाच्या दिवाणांचा वाडा होता. चौदा फुटांच्या घरावर ते प्रमाण लग्नमंडपासारखे दिसेल. सागवानी दोन झडपा हीच तुमची शोभा आहे. अडचण एवढीच की रोज एकच झडप उघडली तर वाट एकवीस इंचांची राहते आणि त्यातून काठी घेतलेल्या माणसाला अंग तिरके करून जावे लागते. म्हणून दिवसा दोन्ही झडपा उघड्या ठेवा आणि बाहेरून जाळीचे दार लावा. तेही दोन झडपांचेच करा. साडेतीन फुटांची एकच जाळी बाहेर उघडली तर दारात उभ्या पाहुण्याला मागे पायऱ्यांवर सरकावे लागते. आलेल्या माणसाला मागे हटवणारे दार मला तरी अपशकुनीच वाटते.

उंबरठा ठेवा, पण अर्ध्या इंचाहून उंच नको. हळदीकुंकू वाहायला तेवढा पुरतो. चौकटीच्या उजव्या अंगाला गुढीची काठी अडकवण्यासाठी पितळी कडी आताच बसवून घ्या, नाहीतर दर पाडव्याला सुतळीने बांधाबांध होते. रांगोळीसाठी सपाटीचा ओट्याकडचा कोपरा राखा, कारण पायऱ्या डावीकडून आल्यामुळे तिथे पाय पडत नाही आणि गडद कोटा दगडावर पांढरी रांगोळी उठून दिसते.

मकरपुऱ्याहून

पश्चिमेचे दार आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे छज्जा किमान तीन फूट पुढे असल्याशिवाय सागवान भिजून फुगेल आणि श्रावणात दार खांद्याने ढकलावे लागेल. छज्जाच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे पाणी तळाने सरकत भिंतीपर्यंत न येता तिथेच गळते. चौकटीचे पाय लाकडाचे थेट फरशीत पुरू नयेत, त्यांच्याखाली ग्रॅनाइटचा तुकडा असावा. पूर ओसरल्यावर वाळवी तिथूनच चढते.

दांडियाबाजारकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रविवारी सिमेंटच्या पायऱ्यांशेजारी सुट्या विटा रचून समांतर पायऱ्यांचा नमुना करून पाहिला, वर फळ्या टाकल्या आणि आईला खाली उतरवले. उतरताना तिने माझा हात धरला होता, परंतु चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून तिचा डावा हात आपोआप भिंत चाचपू लागला. उजव्या हातात काठी असते हे माझ्या लक्षातच आले नव्हते. कठडा मी रस्त्याच्या बाजूने, म्हणजे नेमका उजवीकडे, धरला होता. आता भिंतीच्या बाजूनेही अडीच-पावणेतीन फूट उंचीवर धरायला दांडा हवा. उतरताना तिला रस्त्याकडचा कठडाच डाव्या हाताला येतो, म्हणून दोन्ही ठेवणार आहे.

जुने दार राहील, महिरप रद्द केली. सुटा दगड, दोन झडपांची जाळी आणि गुढीची कडी यादीत घेतली आहे.

एकच विचारायचे राहिले. सुतार म्हणतो की दांडा स्टीलचा घ्या, टिकतो. पण मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या भिंतीवर ऊन येते आणि तेव्हा स्टीलला हात लावता येत नाही. सागाचा गोल दांडा उघड्यावर किती वर्षे टिकतो आणि त्याला दरवर्षी तेल द्यावे लागते का, हे कुणाच्या अनुभवात असेल तर कळवावे. नमुन्यातल्या फळ्यांवर आई अर्धा तास बसली होती, त्यामुळे काम गणपतीआधी उरकायचे आहे.