गोव्यातल्या फोंड्याहून नऊ माणसं घेऊन बीचवर जायचंय, कुठला बीच आणि किती वाजता?

फोंड्याची_मावशी:
नमस्कार मंडळी. भाऊबीजेला माझी बहीण पुण्याहून येतेय सगळ्या कुटुंबासकट, म्हणजे ती, भावोजी, सासूबाई (गुडघे दुखतात, वाळूत फार चालवत नाही), दोन पोरं ७ आणि ११ वर्षांची, वर आम्ही चौघं. दुसऱ्या दिवशी बीचवर जायचं ठरलंय. पोरांनी समुद्र फक्त टीव्हीत बघितलाय त्यामुळे ती पाण्यातून बाहेर निघणार नाहीत हे नक्की. भावोजी म्हणतात कळंगुट, कारण ऑफिसातले सगळे तिथेच जाऊन आलेत. माझा विचार होता घरी जेवून दोनला निघू, सूर्यास्त बघू, आठपर्यंत परत. लोकलवाले काय म्हणता?

पुळणीवरचा:
ताई, बीच नंतर ठरवा, आधी वेळ बदला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तृतीया. आमचे आजोबा तिथीला पाऊणने गुणायचे, जो आकडा येईल तितके तास दुपारी बारानंतर भरती. तीन पाऊणे सव्वादोन. हा हिशोब मुंबई-रत्नागिरीकडचा, आपल्याकडे तासभर आधी धरायचा, म्हणजे भरती साधारण सव्वाच्या सुमारास. तुम्ही तीनला पोचणार तेव्हा ओहोटी चांगली लागलेली असणार, पाणी बाहेर ओढतंय आणि नेमकी तेव्हाच पोरं आत. त्यात अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. सकाळी सातला सुकती (पूर्ण ओहोटी), तिथून पाणी चढत जातं. आठ ते साडेदहा पाण्यात काढा, ऊन कोवळं, गर्दी नाही. हा ढोबळ हिशोब आहे, आदल्या रात्री मोबाईलवर मुरगावचं टाइड टेबल बघून घ्या. आणि लाइफगार्ड सकाळी साडेसातला येतात, संध्याकाळी सहाला त्यांची ड्यूटी संपते, त्यानंतर नुसती गस्त. सूर्यास्त बघायचाच असेल तर कोरड्या वाळूवर बसून बघा.

खारट_काजू:
कळंगुट नको हो! दिवाळीच्या सुट्टीत पार्किंग शोधण्यातच भावोजींचा उत्साह संपेल. पाळोळेला जा, वळलेला बीच आहे, लाटा कमी, बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढं.

पुळणीवरचा:
पाळोळे छानच पण फोंड्याहून दीड-पावणेदोन तास, मध्ये करमल घाटाची वळणं, पुण्याची पोरं उलट्या करत पोचतील आणि आठला पोचायचं तर उठायचं कधी? शिवाय तिथे उत्तर टोकाला सुकतीत लोक चालत समोरच्या बेटावर जातात आणि पाणी चढलं की तिकडेच अडकतात. मी बाणावली म्हणेन, तासाभरात पोचाल, शॅक (बीचवरची झोपडीवजा हॉटेलं) उभे राहिले असतील तर आजींना खुर्चीत सावलीला बसवता येईल. या दिवसात सगळे शॅक लागलेले नसतात तेव्हा घडीची खुर्ची आणि छत्री गाडीत टाकाच.

दोन_पोरांची_आई:
बाणावलीला +१. माझ्याकडून थोडं. लाल-पिवळा झेंडा असेल तिथे दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा पोरांना सोडू नका. दुसरं, "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नसतं. एकेका मोठ्याची अर्ध्या तासाची पाळी लावा, पाळीवाल्याने मोबाईल आजींकडे द्यायचा, फोटो दुसऱ्याने काढायचे. सात वर्षांच्याला भडक केशरी किंवा पोपटी टी-शर्ट घाला, निळा पाण्यात दिसतच नाही. हवेची ट्यूब नकोच, वारा आणि ओढ दोन्ही तिला बाहेर नेतात. बायकांनी साडी-ओढणीत पाण्यात उतरू नये, भिजली की पायात गुंतते. भावोजींची बिअर पाण्यातून बाहेर आल्यावर, तीही शॅकमध्ये, उघड्या बीचवर पिणं बेकायदा आहे आणि दंड बसतो.

फोंड्याची_मावशी:
बाई गं, भावोजींची बिअर तुम्हाला कशी कळली 😂 बरं वेळ बदलते. पण एक, मोठा पोरगा क्लासला जातो पोहायच्या, तो म्हणतो मला पोहता येतं मग मी पुढे जाणार. त्याला काय सांगू?

निवांत_नुस्तेंकार:
त्याला सांगा तलावात पाणी तुला ओढत नाही. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गडद, वर फेस आणि गढूळ वाळू बाहेर चाललेली, अशी जागा दिसली की नवखा माणूस "इथे लाटा नाहीत, बरं आहे" म्हणून तिथेच उतरतो, आणि तोच रिप करंट. तो खाली खेचत नाही, बाहेर नेतो, माणूस किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी भांडत बसतो आणि दमून बुडतो. सापडलास तर तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर परत. खडक आणि नदीचं तोंड या दोन्हीपासून लांबच. गेल्या गेल्या लाइफगार्डला विचारा आज ओढ कुठे आहे, त्यांना रोजची माहिती असते आणि विचारलं तर आवडतं. आणि किनाऱ्यावर निळसर फुगा आणि शेपटीसारखे धागे असलेला जेलीफिशसारखा प्राणी दिसला तर हात लावू देऊ नका, मेलेलाही डसतो. लागलंच तर चोळायचं नाही, बाटलीतलं गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुऊन सरळ लाइफगार्डकडे.

खारट_काजू:
ठीक आहे, बाणावली तर बाणावली. पण साडेदहाला पाण्यातून काढलेली पोरं भुकेने वेडी होतात, शॅकमध्ये ऑर्डर यायला पाऊण तास जाईल तर डब्यात काहीतरी हवंच.

फोंड्याची_मावशी:
फराळ आहे की! चिवडा-चकली नेते, वर सोलकढीची बाटली. सहा-सव्वासहाला निघतो. भावोजींना अजून सांगितलेलं नाही की पहाटे उठायचंय, ते काम बहिणीकडे.