मदत हवी आहे: गुन्हा रोखते ती श्रद्धा की श्रद्धेभोवतीची माणसं?

नमस्कार मंडळी. तुरुंगातून सुटून आलेल्या तरुणांसोबत काम करताना एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

त्यातला एक मुलगा चोरीच्या नादातून बाहेर पडला. मी विचारलं, देवाची भीती वाटली का? तो म्हणाला, "भीती कसली! दर आठवड्याला प्रार्थना झाली की एक आजोबा शेजारी येऊन बसायचे आणि विचारायचे, परवा का नाही आलास?" हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता.

मग वाचायला घेतलं. ट्रॅव्हिस हिर्शी आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नरकाची भीती आणि गुन्हे यांचा त्यांना फारसा संबंध दिसला नाही. पुढे स्टार्क यांनीच मांडलं की भोवतालचा समाज धार्मिक असेल तरच एकट्याची श्रद्धा परिणाम करते. 2001 मध्ये बेयर आणि राइट या संशोधकांनी 60 अभ्यास एकत्र तपासले, तर श्रद्धेमुळे गुन्ह्यांना मध्यम प्रमाणात आळा बसतो असं दिसलं. आता कोणाचं धरायचं?

मला स्वतःला आजोबांचं पारडं जड वाटतं. पण मग श्रद्धा न मानणाऱ्या मुलाचं काय? त्याला असं कोण विचारणार?

तुरुंग, पुनर्वसन किंवा प्रार्थनास्थळात काम केलेलं कोणी असेल तर कृपया अनुभव सांगा. विशेषतः धर्माचा आधार न घेता अशी सोबत उभी करता आली आहे का? पुढच्या महिन्यात नवीन गट सुरू करायचा आहे.