सांगलीत प्रोग्रामिंगची छापील मासिकं कुठं मिळतात का?

विश्रामबागकर: स्टँडजवळच्या स्टॉलवर पूर्वी 'पीसीक्वेस्ट', 'डिजिट' मिळायचं, सीडीसकट! नेट डायल-अपचं, म्हणजे फोनलाइनवरचं, लई हळू, त्यामुळं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या सीडीवरूनच चढवायचो. काल विचारलं तर मालक म्हणाला, "घेतंय कोण? स्पर्धा परीक्षेचं काय पायजे ते बोला." कुणाकडं जुने अंक आहेत का?

मिरजवाला: अमेरिकेतसुद्धा हेच. 'बाइट' १९९८ ला बंद, 'डॉ. डॉब्स'चा छापील अंक २००९ ला, 'लिनक्स जर्नल'चा २०११ ला. लेख छापून येईस्तोवर सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आलेली असते. जाहिरातीही नेटवर गेल्या.

कुपवाडकर: मासिकातला कोड बघून बघून टाइप करायचा, एक सेमीकोलन (;) राहिला की चूक शोधण्यात रात्र गेली. नको ते!

विश्रामबागकर: त्यानंच तर शिकलो राव. असतील तर सांगा, रद्दीच्या दुप्पट भाव देतो.