बडोद्यात बी.कॉम.ला लेखनिक मिळवायला काय करावं लागतं?

दांडियाबाजारची आई
माझी लेक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, गुजराती माध्यम. जन्मापासून दोन्ही हातांच्या बोटांत जोर नाही, यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर) 45 टक्के अपंगत्व आहे. पानभर लिहिलं की हात आखडतो आणि येत असलेले प्रश्नही लिहायचे राहून जातात. कॉलेजच्या ऑफिसात म्हणाले, लेखनिक, म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणारा, फक्त न दिसणाऱ्या मुलांना देतात. खरं आहे का हे? तिला अकाउंट्स मनापासून आवडतं हो, म्हणून जीव तुटतो.

प्रतापगंजकर
काकू, अजिबात खरं नाही. मला फार कमी दिसतं, पदवीचे सगळे पेपर मी लेखनिक घेऊनच दिले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 17 खाली लेखनिक आणि जादा वेळ दोन्ही आहेत. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार यांच्या खटल्यात तर किमान 40 टक्के अपंगत्वाची अटसुद्धा लेखनिकासाठी लावू नका असं सांगितलं. त्यांचा त्रास लिहिणाऱ्या हाताचाच होता.

ऑफिसात तोंडी बोलत बसू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सयाजी हॉस्पिटल सरकारी आहे, तिथून 'हाताने लिहिण्यास असमर्थ' असं प्रमाणपत्र काढून जोडा. लेखनिक कॉलेज देणार की आपण आणायचा, तेही लेखीच विचारा. तो शिक्षणाने तिच्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो.

आणि काकू, खरी मेहनत त्यानंतर आहे. अकाउंट्स तोंडी सांगणं निराळंच कसब. कुठल्या रकान्यात, नावे की जमा, आकडा, बेरीज, सगळं क्रमाने बोलावं लागतं. लेकीला आजपासून रोज एक उदाहरण कोणाला तरी सांगून लिहायला लावा. आपल्या मराठी घरातला भाचा-पुतण्या पटकन तयार होईल, पण त्याचा गुजराती लिहिण्याचा वेग आधी बघा. अडतं ते तिथेच.

रावपुऱ्याची मावशी
जादा वेळही मागा गं, तासाला किमान 20 मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास होतो. लेखनिक नाही घेतला तरी मिळतो, अर्जात वेगळा लिही.

दांडियाबाजारची आई
सोमवारी अर्ज देते. शेजारची अकरावीतली मुलगी गुजराती भराभर लिहिते, तिच्या आईशी आजच बोलते.