मदत हवी आहे: पीप्सच्या रोजनिशीतलं ‘चाउस’ आणि आपले चाऊस

मंडळी, सॅम्युअल पीप्सची रोजनिशी वाचायला घेतली आहे. लंडनच्या आरमार खात्यातला हा कारभारी १६६० ते १६६९ रोजची नोंद लिहीत होता, तीही लघुलिपीत. अवघड शब्द कोशात सापडतात; घात करतात ते ओळखीचे. हा ‘ऑर्डिनरी’त जेवायला जातो. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, ठरलेल्या दरात जेवण मिळणारी खाणावळ! ‘फिजिक’ घेऊन दिवसभर घरी बसतो, तेव्हा मला वाटलं ताप असेल. गडी जुलाब घेऊन बसलेला.

आता अडलोय १५ मे १६६३ च्या नोंदीवर. १६६१ च्या तहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला, पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात कबूल झालं होतं, पण ताबा मिळेना. पीप्स म्हणतो, पोर्तुगीजांनी मुंबईच्या बाबतीत आम्हाला ‘चाउस्ड’ केलं. फसवलं असंच असणार ना? आणि मराठवाड्यातल्या चाऊस आडनावाशी याचं काही नातं आहे, की नुसता उच्चाराचा योगायोग?

प्रतिसाद १
फसवलं, बरोबर. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश (१८८६) बघा, त्यात हा शब्द आहे. मूळ तुर्की ‘चावुश’, म्हणजे दरबारचा दूत, हुजऱ्या. असल्या एका चावुशाने लंडनमधल्या व्यापाऱ्यांना गंडवलं, त्यावरून इंग्रजीत हा अर्थ आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीवर फार विसंबू नका, पण शब्द तुर्कीच. निजामाच्या फौजेतल्या अरब शिपायांनाही चाऊस म्हणत, त्यांच्याकडून ते आडनाव. म्हणजे मूळ एकच, फसवणुकीचा डाग फक्त इंग्रजीत लागला.

बाकी पीप्सची चिडचिड रास्त होती. ताबा घ्यायला आलेले सर अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत १६६४ मध्ये वारले. बेट मिळालं फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याच्या हाती.

धागाकर्ता
वा, मनापासून आभार! लगेच पुढचं: २० ऑक्टोबर १६६०. पीप्स तळघरात उतरतो, तर शेजाऱ्याचं ‘हाउस ऑफ ऑफिस’ भरून त्याच्याकडे वाहून आलेलं. कचेरी कशी वाहील?

प्रतिसाद २
संडास हो.