एकच विश्वस्त आणि अडीचशे अब्ज डॉलर: न्यूयॉर्कचा राज्य कंट्रोलर निवडून यावा का?

खतावणी (धागाकर्ता)

न्यूयॉर्क राज्याचा कंट्रोलर लोक थेट मतदानाने निवडतात. निवडणूक गव्हर्नरच्याच दिवशी, मुदत चार वर्षं, आणि किती वेळा उभं राहायचं याला मर्यादा नाही. आपल्याकडे महालेखाकार, कोषागार आणि पेन्शन निधीचा विश्वस्त अशी जी वेगवेगळी कामं असतात, ती तिथे एका माणसाकडे आहेत. सरकारची बिलं तो देतो, ठरावीक रकमेवरची कंत्राटं लागू होण्याआधी तपासतो, खात्यांचं ऑडिट करतो आणि राज्य व स्थानिक कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीचा एकमेव विश्वस्त असतो. मंडळ नाही, सहविश्वस्त नाहीत. सल्लागार समित्या आहेत, पण शेवटची सही त्याची.

२००७ पासून या जागेवर थॉमस डिनापोली आहेत. १९७२ मध्ये, अठराव्या वर्षी, शाळेत शिकत असतानाच लाँग आयलंडवरच्या मिनिओला शाळा मंडळावर ते निवडून आले. १९८६ मध्ये असेंब्लीवर (राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहावर) निवडून आले आणि तिथे वीस वर्षं राहिले. मधे २००१ मध्ये नासाउ काउंटीच्या प्रमुखपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी (पक्षांतर्गत निवडणूक) लढवून टॉम सुओझींकडून हरले.

कंट्रोलर मात्र ते लोकांच्या मतांनी झाले नाहीत. आधीचे कंट्रोलर ॲलन हेवेसी यांनी सरकारी कर्मचारी पत्नीच्या गाडीवर चालक म्हणून वापरला. ते प्रकरण फौजदारी झालं, हेवेसींनी गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २००६ मध्ये पद सोडलं. अशी जागा रिकामी झाली की विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकत्र बसून ती भरतात. गव्हर्नर स्पिट्झर आणि विधिमंडळाचे नेते यांच्यात ठरलं होतं की तीन माजी कंट्रोलरांची समिती नावं सुचवेल. समितीने तीन नावं दिली, त्यांत डिनापोली नव्हते. विधिमंडळाने यादी बाजूला ठेवून ७ फेब्रुवारी २००७ रोजी १५० विरुद्ध ५६ मतांनी आपलाच सहकारी निवडला.

माझं मत स्पष्ट आहे. एवढा निधी सांभाळायला गुंतवणुकीची पात्रता तपासून नेमलेलं मंडळ हवं. प्रचारासाठी पैसे गोळा करणाऱ्या माणसाच्या एका सहीवर हे चालू नये.

ताळेबंद

असहमत. २००७ चा दाखला तुमच्याच विरोधात जातो. एकत्र बैठकीत डोकी मोजतात. असेंब्ली १५० जणांची, सिनेट तेव्हा ६२ जणांची. म्हणजे असेंब्लीच्या अध्यक्षांना हवा तोच माणूस येणार, हे उघड होतं. ही निवडणूक नव्हती, नेमणूकच होती, आणि तुम्ही नेमणूकच मागताय.

लोकांपुढे डिनापोली २०१० मध्ये गेले तेव्हा जेमतेम तरले. समोर रिपब्लिकन हॅरी विल्सन होते: हेज फंडातला अनुभव, ओबामा सरकारच्या वाहन उद्योग कार्यदलात काम केलेलं. न्यूयॉर्क टाइम्सने पाठिंबा विल्सनना दिला आणि फरक पाच टक्क्यांच्या आत आला. नंतर २०१४ मध्ये साधारण ६० टक्के, २०१८ मध्ये ६७ च्या आसपास, २०२२ मध्ये पुन्हा ५७ च्या आसपास. आकडे वर-खाली होतात, म्हणजे मतदार हिशेब बघतो.

खतावणी

मतदार हिशेब बघतो? चालकाची तक्रार सप्टेंबर २००६ मध्ये हेवेसींच्या प्रतिस्पर्ध्यानेच केली. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नीतिमत्ता आयोगाने नियमभंगाचा निष्कर्ष काढला. दोन लाख डॉलरच्या वर रक्कम परत भरावी लागणार हे पेपरात येत होतं. तरी नोव्हेंबरमध्ये हेवेसी सहज निवडून आले, आणि सात आठवड्यांत राजीनामा. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओळीवर नाव असलं की कंट्रोलर निवडून येतो. मतपत्रिकेत गव्हर्नरच्या खाली असलेल्या या पदासाठी कुणी ताळेबंद उघडत नाही.

आणि चालक ही किरकोळ बाब निघाली. खरा घोटाळा निधीचा होता. हेवेसींचे राजकीय सल्लागार हँक मॉरिस 'प्लेसमेंट एजंट' झाले, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपन्यांना निवृत्ती निधीचं दार उघडून देणारे दलाल. मार्कस्टोन या गुंतवणूक संस्थेचे एलियट ब्रॉइडी यांनी हेवेसी आणि इतरांवर दहा लाख डॉलरच्या घरात खर्च केला, आणि निधीने मार्कस्टोनमध्ये २५ कोटी डॉलर घातले. हेवेसी २०११ मध्ये तुरुंगात गेले. एकच सही लागत असेल तर लाच एकाच दारी पोचवायची असते.

मोजपट्टी

इथे दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट राहते आहे. मंडळ म्हणजे स्वच्छ, असं गृहीत धरू नका. कॅलिफोर्नियाच्या कॅलपर्सला, म्हणजे तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीला, तेरा जणांचं मंडळ आहे, काही निवडलेले, काही नेमलेले, काही पदसिद्ध. तिथेही दलालीचा असाच घोटाळा झाला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी फ्रेड ब्युएनरोस्त्रो यांनी २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला. त्यांना पैसे देणारा दलाल पूर्वी त्याच मंडळावर बसलेला होता. उलट कनेक्टिकटमध्ये एकट्या खजिनदाराच्या हातात निधी होता, तिथल्या पॉल सिल्व्हेस्टर यांनी १९९९ मध्ये लाच घेतल्याचं कबूल केलं. दोन्ही घडणींत भोक एकाच जागी आहे: खासगी फंडाची निवड. शेअर निर्देशांकात पैसे ठेवायला दलाल लागत नाही. प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे बाजारात नसलेल्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडांत, फी मोठी, भाव बाहेर दिसत नाही, करार गोपनीय. तिथे कुणाला निवडलं आणि का, हे कागदावर यायला हवं.

डिनापोलींनी एप्रिल २००९ मध्ये प्लेसमेंट एजंटांवर बंदी घातली. ते योग्यच झालं. तरी त्यांच्याच काळात रोखे विभागाचा प्रमुख नवनूर कांग २०१६ च्या डिसेंबरात पकडला गेला. घड्याळं, सहली, रोख, मादक पदार्थ घेऊन तो ठरावीक दलालांकडे व्यवहार वळवत होता. एका दलाली पेढीचा निधीशी व्यवहार शून्यावरून दोनेक अब्ज डॉलरपर्यंत गेला. मागच्या नोकरीतून तो भेटवस्तू लपवल्याबद्दल काढला गेला होता, आणि नेमताना ते पकडलं गेलं नाही. ही चूक मतपेटीची नाही, भरती करताना चौकशी करणाऱ्यांची आहे. शून्यावरून एवढा चढलेला व्यवहार दर महिन्याच्या दलालवार तक्त्यात दिसायला हवा होता.

ताळेबंद

'मोजपट्टी', सहमत. आता कारभाराकडे. ३१ मार्च २००९ ला (त्यांचंही आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिलपासून) निधी साधारण १५४ अब्जांवरून १०९ अब्जांवर आला होता, एका वर्षात २६ टक्के तोटा. मार्च २०२१ ला तो २५४ अब्जांच्या वर होता. वाढ बाजाराची, ते श्रेय मी देत नाही. श्रेय देतो ते गृहीत परताव्याचं, म्हणजे निधी दर वर्षी किती कमावेल असं धरून हिशेब करतात त्या दराचं. हा दर ८ टक्के होता. २०१० मध्ये ७.५, २०१५ मध्ये ७, २०१९ मध्ये ६.८ आणि २०२१ मध्ये एकदम ५.९.

याचा अर्थ समजून घ्या. गृहीत दर खाली आणला की भविष्यातल्या पेन्शनची आजची किंमत वाढते आणि शहरं, काउंट्या, शाळा यांना जास्त वर्गणी भरावी लागते. ज्याला मतं हवीत त्याला दर वर ठेवण्याचा मोह होतो. डिनापोलींनी तो चार वेळा खाली आणला. २०२१ मध्ये वर्षाचा परतावा ३३.५५ टक्के आला, तेव्हाच सर्वांत मोठी कपात केली. आणि तरीही कर्मचारी निधीची सरासरी वर्गणी पगाराच्या १६.२ वरून ११.६ टक्क्यांवर आली. भरल्या विहिरीतून पाणी काढून ठेवण्याची वेळ तीच असते.

खतावणी

दराबद्दल मान्य. मग २०१० च्या दुसऱ्या निर्णयाचं काय? २००९ चा तोटा एकदम दाखवत नाहीत, काही वर्षांत पसरवून मोजतात. त्यामुळे वर्गणी बाजार सावरल्यावरही चढत राहिली आणि २०१४ मध्ये पगाराच्या २०.९ टक्क्यांवर पोचली. ते दिसत असताना २०१० मध्ये असा कायदा झाला की शहरांनी आणि राज्याने वर्गणीचा काही भाग आज भरू नये, निधीकडे दहा वर्षांच्या हप्त्यांत व्याजासह भरावा. म्हणजे निधीला द्यायचे पैसे निधीकडूनच उसने. कर्ज फिटलं म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. योजना कंट्रोलरने पुढे नेली, कारण निवडणुकीच्या वर्षात नगराध्यक्षांना नाराज करणं परवडत नाही.

कोषागार_नागपूर

ऑडिटकडे कुणीच वळलं नाही, आणि आपल्या वाचकांना तुलना तिथेच लागू पडते. आपला महालेखापरीक्षक राष्ट्रपती नेमतात, मुदत सहा वर्षं किंवा पासष्ट वय. राज्याचा अहवाल कलम १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो आणि मग सभागृहात येतो. कधी मांडायचा याची तारीख घटनेत नाही, म्हणून तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो आणि चर्चा लोकलेखा समितीत जाते. न्यूयॉर्कचा कंट्रोलर आपला अहवाल स्वतः प्रसिद्ध करतो आणि खात्याला १८० दिवसांत शिफारशींचं काय केलं ते लिहून द्यावं लागतं.

दुसरं म्हणजे पूर्वतपासणी. कंत्राट आलं की स्पर्धा झाली का, दर रास्त का, पुरवठादार लायक का, हे बघून ९० दिवसांत निर्णय. २०११ मध्ये गव्हर्नर कुओमो आणि विधिमंडळाने राज्य विद्यापीठाच्या बऱ्याच कंत्राटांवरचा हा अधिकार काढला. पुढे विद्यापीठाशी जोडलेल्या एका ना-नफा संस्थेमार्फत बफेलोतल्या मोठ्या कारखान्याचं काम दिलं गेलं. त्या निविदेत बिल्डरला त्या भागातला ५० वर्षांहून जास्त अनुभव हवा, अशी अट होती. ओरड झाल्यावर १५ चं ५० टायपिंगच्या चुकीने झालं, असं सांगितलं गेलं. खटला झाला, २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, त्या २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर रद्द केल्या. फौजदारी निकाल काहीही असो, ती अट पूर्वतपासणीच्या टेबलावर पहिल्याच वाचनात अडकली असती. नेमलेल्या अधिकाऱ्याचा अधिकार असा काढला तर तो जाहीर बोलू शकत नाही. डिनापोली वर्षानुवर्षं बोलत राहिले.

खतावणी

बोलले, हो. पण कोविडमध्ये शुश्रूषागृहांतले किमान ४,१०० मृत्यू राज्याने कमी दाखवल्याचं ऑडिट मार्च २०२२ मध्ये आलं, कुओमो जाऊन सात महिने झाल्यावर.

ऑडिट आणि कंत्राटं निवडून आलेल्या माणसाकडेच राहू द्या, तो मुद्दा मी सोडतो. निधी तेवढा वेगळा काढा. नॉर्थ कॅरोलिनानेही २०२५ मध्ये एकट्या खजिनदाराऐवजी मंडळाचा कायदा केला.

ताळेबंद

वेगळा काढण्याआधी १९७५ आठवा. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. विधिमंडळाने कायदा केला की कंट्रोलरने निवृत्ती निधीतून शहर वाचवण्याचे रोखे घ्यायलाच हवेत. कर्मचारी संघटना कोर्टात गेल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्गाग्लिओने विरुद्ध लेव्हिट' खटल्यात कायदा रद्द केला: पेन्शनला राज्यघटनेचं संरक्षण आहे, आणि कंट्रोलरची स्वतंत्र निर्णयबुद्धी हा त्या संरक्षणाचाच भाग आहे. गव्हर्नरने नेमलेल्या बहुमताचं मंडळ असतं, तर कायद्याचीही गरज पडली नसती. बैठक बोलावून ठराव झाला असता.

मोजपट्टी

म्हणून मंडळ मागणाऱ्यांनी जागांची यादी आधी लिहावी. अध्यक्ष निवडून आलेला कंट्रोलर. राज्य कर्मचारी, पोलीस व अग्निशमन, निवृत्तिवेतनधारक यांनी मतदानाने पाठवलेले प्रतिनिधी. वर्गणी भरणाऱ्या काउंट्या-शहरांचे दोन. गव्हर्नरचा एक, विधिमंडळाच्या प्रत्येक सभागृहाचा एक, आणि या तिघांची बेरीज कधीही अर्ध्यावर जाणार नाही, अशी संख्या. खासगी फंडाच्या प्रत्येक करारावर कुणी हो म्हटलं, कुणी नाही, ते नावानिशी इतिवृत्तात. अशी यादी घेऊन कुणी आलं, तर १९७५ च्या निकालापुढे ती टिकते का, यावर बोलता येईल.