प्रचार संपला, तरी रेकॉर्डेड फोन. तक्रार कुठे करायची?

ऐरोलीची लेक (19 नोव्हेंबर 2024, रात्री)
प्रचार काल संध्याकाळी 6 ला संपला. आज दुपारपासून आईच्या मोबाइलवर एका उमेदवाराचा रेकॉर्डेड फोन चारदा आला. तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम पाच आठवडे झालेत. मावशी रत्नागिरीला दवाखान्यात आहे, म्हणून आई एकही फोन सोडत नाही. आमच्याकडे रेंज फक्त हॉलच्या खिडकीत. वॉकर टेकत तिथवर जाते. मी भांडी घासत होते, तर कानावर आलं, ‘थांब बाळा, मशीन लावते कानाला.’ तिकडचा आवाज बोलतच होता. ‘नमस्कार आई’ म्हणाला ना, तिला कुणी ओळखीचंच वाटलं.
1909 वर डीएनडी, म्हणजे नकोसे जाहिरातीचे फोन बंद करायची सोय, चालू आहे. मग हे येतात कसे? मतदार यादीत मोबाइल नंबर छापत नाहीत, मग नंबर दिला कुणी?

कोपरीकर
ताई, डीएनडी व्यापारी फोनसाठी. बँका, घरं, शिक्षण, पर्यटन बंद करता येतं; राजकारणाचा रकानाच नाही. पण आजचा फोन सोडू नका. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126 आहे, मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचार बंद. घाऊक मेसेजनाही निवडणूक आयोगाची मनाई आहे. एरवीसुद्धा असं रेकॉर्डिंग आधी प्रचाराच्या जाहिराती तपासणाऱ्या प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. नंबर आणि वेळेचे स्क्रीनशॉट काढा, 1950 ला, म्हणजे मतदार हेल्पलाइनला, फोन लावा.

वाशी सेक्टर 9
माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिथे 1991 पासून कायदा आहे: मोबाइलवर रेकॉर्डेड फोन करायचा तर आधी त्या माणसाची संमती हवी, मग प्रचार का असेना. आणि फोन कुणाचा, हे सुरुवातीलाच सांगावं लागतं.

घणसोली
मी दोन निवडणुका प्रचाराचं काम केलंय. आम्हाला नंबर मिळायचे सोसायटीच्या रजिस्टरमधून, शिबिरांच्या फॉर्मवरून. आईंनी कुठे नाव लिहून दिलं होतं का?

ऐरोलीची लेक
हो. गेल्या वर्षी मोतीबिंदू तपासणीचं शिबिर होतं. तिला दिसत नव्हतं, फॉर्म मीच भरला. डोळ्यांसाठी दिलेला नंबर होता तो!
साध्या पत्रकावरही मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. मग फोनवर आधी नाव सांगायला काय हरकत आहे? आणि डीएनडीत एक रकाना वाढवा, एवढंच मागणं आहे.
1950 ला तक्रार केली. मोबाइल आता माझ्याकडे खिडकीत आहे. मावशीचा आला तर आईला उठवीन.